गोष्ट मधून

फलकावर माझ्याआधीची अकरा नावं आहेत,
पिवळ्यावर काळी. नावापुढे दोन रकाने:
पासून, पर्यंत.
सगळ्यांत जास्त टिकलेला दोन वर्षं एक महिना,
सगळ्यांत कमी एकोणीस दिवस,
आणि त्याचंही नाव पेंटरनं तेवढ्याच मन लावून काढलंय.
माझा दुसरा रकाना कोरा.
बॉण्ड संपतो एकतीस मार्चला.
सोयरू पेंटर काजू वेचायला जाता जाता विचारून गेला,
"बाय, तारीख घालूं?"

बदलीचा अर्ज खणात आहे, ओआरएसच्या पाकिटांखाली.
कारणासाठी दीड ओळ सोडलीय.
क्वार्टरचं छत गळतं, मावलं.
पगार तीन तीन महिने अडतो, तेही मावलं.
नवरा मडगावात, मुलगी त्याच्यापाशी,
तिचा आवाज नीट ऐकायला मी पाण्याच्या टाकीवर चढते,
इथे ओळ संपली.
रात्री दोनला आपलं चुकलं तर नाही ना
हे विचारावं असं माणूस आसपास नाही,
ते लिहायचं राहूनच गेलं.

वर्गातली शेफाली पर्वरीला बसते. काचेचं दार, एसी.
"कुणासाठी सडतेयस तिथे?"
मी उत्तर दिलं नाही. समोर ताप होता.

काजूच्या दिवसांतला ताप.
रानात मेलेलं माकड दिसलं
की फॉरेस्टचा गार्ड आधी मला फोन करतो,
मग त्याच्या साहेबाला.
हा क्रम कुठल्या परिपत्रकात नाही.
तो लागायला अकरा महिने गेले.
मी आले त्याच पंधरवड्यात विठो झोरे आला होता,
तापाच्या सातव्या दिवशी, हिरड्यांतून रक्त घेऊन.
बांबोळीच्या वाटेवर, अँब्युलन्समध्ये,
त्याच्या बायकोनं मला विचारलं,
"तू नवी काय गं?"
आरोप नव्हता. नुसतीच चौकशी.
विठो परतला नाही.
यंदा ती, भागी, दोघा पोरांना हाताला धरून
पहिल्याच दिवशी घेऊन आली.
"अंग गरम लागलं, म्हटलं वेळ नको."

आणि शेवंती गावस.
एप्रिलमध्ये बाकावर बसून तिनं पाढा म्हणावा तसं म्हटलं:
साखर आठ वर्षं, नवरा खाणीच्या ट्रकाखाली,
डाव्या पायाला जखम, सुई नको.
बाराव्यांदा सांगत होती ती.
अकरा जणांनी मान डोलावून ऐकलं
आणि गेले.
सिस्टर लिबेराता म्हणाली, सांगून सांगून
तिच्या तोंडी नवऱ्याचं मरणही गोळीच्या नावासारखं झालंय.

काल ती आली आणि बसायच्या आधीच सुरू:
"अन् तो परत तसंच करतो, मी ओरडले तर उलट मलाच!"
तो कोण, तसंच म्हणजे कसं, मी विचारलं नाही.
धाकटा मुलगा. पेजेत मीठ.
"सुई घेतलीस?"
"घेतली. तुझ्यासाठी."
"माझ्यासाठी कशाला, पाय तुझा."
ती हसली. पायाची जखम रुपयाएवढी होती,
आता मसुराच्या दाण्याएवढी.

गोष्ट मधूनच सांगता येणं,
या औषधाचा साठा वल्पईहून येत नाही.
ते इथेच, फार हळू, तयार होतं
आणि डॉक्टर गेला की बाटलीसकट सांडतं.

म्हणून, राहा म्हणणाऱ्यांनो,
शाल नको, नारळ नको, भाषण तर नकोच.
छतावर पत्रा घाला.
रात्रीला दुसरा डॉक्टर द्या, ज्याच्याशी मला भांडता येईल.
पगार पगाराच्या दिवशी.
मग विचारा.
मी राहीन असं मी अजून म्हटलेलं नाही.

संध्याकाळी सोयरू परत आला,
चिकानं बोटांची सालं निघालेली.
मी मलम दिलं. रकान्याचा विषय त्यानं काढला नाही,
मीही नाही.
जाता जाता बाहीनं फलकावरची धूळ पुसली
आणि दारातूनच मेव्हण्याच्या खोकल्याचं
परवा उरलेलं सांगू लागला.